काचेत एकटी

रविवार होता, म्हणून घरात घाई नव्हती. प्रेमलता स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत बसली होती. अंगणात तिचा नवरा श्रीकांत भिंतीवरच्या खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होता आणि साबणाच्या तोंडानंच आपल्या सौंसरच्या शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करून दाखवत होता. तिला हसू येत होतं. कितीतरी दिवसांनी येत होतं.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

श्रीकांतची नक्कल तिथंच थांबली. घराचं पुढचं दार स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फोटो स्टुडिओच्या बाजूनं उघडायचं आणि अख्खं पांढुर्णा गाव वर्षानुवर्षं त्याच दारानं आत येत होतं. हल्ली मात्र जो येई तो गल्लीतून, मागून. पुढं शोकेसची ती काच होती ना.

तिनं दार उघडलं. बाहेर यशवंतराव उभे होते. गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग, गावात शब्दाला मान, आणि एरवी इस्त्रीच्या टोपीशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. आज टोपी नव्हती, पायांत चप्पलही नव्हती.

"वहिनी," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आमच्या वंदूचा फोटो काढून टाका त्या काचेतून. आत्ता काढा. पाया पडतो मी तुमच्या."

"अहो, आधी आत तर या! कशी आहे तिची तबियत?"

"ताप उतरूनच नाही राहिला. डॉक्टर म्हणून राहिले, इथं ठेवू नका, नागपूरले मोठ्या दवाखान्यात न्या. आन् पोरगी खाटेवरून हलून नाही राहिली. औषध दिलं का थुंकून देते. म्हणते, बाबा, कायले धावपळ करता, माझा मोठा फोटो तर लागून चुकला."

श्रीकांत तोंड पुसत आत आला. त्याचा एक गाल अजून पांढराच होता. तो काही म्हणणार, एवढ्यात प्रेमलतानं हात पदराला पुसले आणि ती पुढच्या खोलीत गेली. यशवंतराव मागोमाग आले, पण नजर फरशीवर. शोकेसचं मागचं दार तिनं सरकवलं. आत पांढऱ्या रंगाच्या फळीवर चार खिळे होते. तीन मोकळे. चौथ्यावर वंदना होती. मान जराशी वळवलेली, वेणी घालता घालता कोणीतरी हाक मारावी आणि तिनं पाहावं तशी. प्रेमलतानं चौकटीला हात घातला.

"थांबा!"

ती दचकली. यशवंतराव गिऱ्हाइकांच्या बाकावर मटकन बसले होते.

"नका काढू. भगवंतरावांचा काढला, तो कोणत्या दिवशी काढला? गुलाबचा? काढला म्हणजे गेलीच समजतील लोक. माझ्या दारात येऊन बसतील, मयतीला यावं तसे. तिच्या कानावर जाईल. नका काढू, वहिनी."

"मग काय करू मी?"

"मले नाही समजून राहिलं," यशवंतराव म्हणाले. "तुम्ही लावला. तुम्हीच सांगा."

प्रेमलता मूळची सौंसरची. वडील पोस्टात होते, त्यांनी हौसेनं लेकीला बी.ए. केलं आणि पांढुर्ण्याला देऊन टाकलं. सासऱ्यांचा हा स्टुडिओ. सुनेचा रांगोळीतला बारीक हात पाहून त्यांनी तिला निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकवलं. देवीचे वण, डोळ्यांखालची काळजी, सगळं ती पुसून टाकी. पुढं डार्करूमही तिच्याकडेच आली. सासरे गेले तेव्हा श्रीकांत सौंसरला विज्ञानाचा मास्तर झाला होता आणि दुकानाला गिऱ्हाईक पाहणं चालू होतं. पण शेजारच्या बाया येऊन म्हणाल्या, "तूच काढ ना व बाई आमच्या पोरींचे. त्या बुढ्याच्या समोर मेल्या मान खाली घालून बसत. तुझ्यापुढं तरी तोंड वर करतील." तिनं काढले, आणि पोरींनी खरोखर तोंडं वर केली. दुकान राहिलं.

तेव्हापासून गावात तिला मानाचं बोलावणं दोन कामांसाठी येई. घरात पोरगी दाखवायची असली की, आणि घरात कोणी गेलं की.

आणि मोठा फोटो म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. जिवंत माणसं एका चौकटीत दाटीवाटीनं राहतात. मुंजीतला मुलगा, काशीला गेलेले आजी-आजोबा, कोणाचं तरी तान्हं, कडेला खोचलेला जावयाचा पासपोर्ट फोटो, सगळे एकाच काचेमागं एकमेकांच्या खांद्यावर. एकट्याचा, मोठा, आजूबाजूला कोरी जागा असलेला फोटो होतो तो माणूस गेल्यावर. घरचे लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येत, गर्दीत बोट ठेवत आणि म्हणत, "हे. यांना वेगळं काढा." मग प्रेमलता लाल दिव्याखाली त्या माणसाला माणसांतून वेगळं करी. त्याच्या खांद्यावरचा भावाचा हात पुसून टाकी. मागं पांढरं सोडी. गावातल्या बैठकीच्या खोल्यांतून हार घालून बसलेले बहुतेक चेहरे असे तिच्याच हातानं मोठे झालेले होते.

दुसरा कोणी चुकला असता तर नवल नव्हतं. पण हिनंच चुकावं!

त्याचं असं झालं, की दिवाळीआधी ती फोटोचा कागद आणायला नागपूरला गेली होती. लेक अनुराधा तिथं होस्टेलवर, तिच्यासोबत फिरता फिरता दोघी एका प्रदर्शनात शिरल्या. पांढरी भिंत, एक फोटो, मग एक माणूस उभा राहील एवढी मोकळी भिंत, मग दुसरा फोटो. फुलांची चौकट नाही, सोनेरी कोपरे नाहीत, खाली 'आठवण' असं लिहिलेलं नाही. ती एका म्हातारीच्या फोटोपुढं इतका वेळ उभी राहिली की अनुराधा कंटाळून बाहेर चहा पिऊन आली. "आई, ओळखीची आहे का ती?" अनुराधानं विचारलं. "आता झाली," प्रेमलता म्हणाली.

परतीच्या गाडीत तिच्या डोळ्यांपुढं आपली शोकेस येत राहिली. टेलिफोन कानाला लावलेली बाळं, ताजमहालाच्या पडद्यापुढची जोडपी, गुलाबी गाल रंगवलेल्या नवऱ्या. कागदाला कागद चिकटलेला. एवढी वर्षं आपण काम केलं आणि त्यात आपलं एकही दिसत नाही, असं तिला वाटलं. घरी येताच तिनं सगळं उतरवलं, फळीला पांढरा रंग दिला आणि सगळ्या निगेटिव्ह पाहून चारच फोटो निवडले, मोठे करून एकेकटे टांगले. ज्यांचे त्यांना विचारून, हौसेनं.

भगवंतराव, कापसाचे जुने व्यापारी, दाढीचा दिवस चुकलेले. चिंधू, यशवंतरावांच्या बागेचा राखणदार, विडी पेटवताना ओंजळीतल्या उजेडात. स्टेशनवर टोपलीत संत्री विकणारी गुलाब, गाडी निघून गेल्यावर रुळांकडे पाहणारी. आणि वंदना. तिचा दाखवण्याचा फोटो रीतसर, फुलदाणीला हात लावून झाला होता. "झालं का काकू? सुटले बाई," असं म्हणत तिनं वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली, तेव्हा प्रेमलतानं हाक मारली, ती वळली. हा तो.

"काकू, ही मीच का?" मोठा झालेला पाहून वंदना म्हणाली होती. "लावा, लावा! त्या पाहुण्यांना पाहू द्या, कोणत्या पोरीले नाही म्हटलं ते."

आधी हसणंच झालं. बाजाराच्या दिवशी चिंधूचा मेव्हणा मोहगावहून आला, त्यानं काचेत चिंधूला पाहिलं आणि सौदासामान न घेता तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी बैलबंडीभर माणसं रडत चिंधूच्या दाराशी उतरली. चिंधू ओसरीवर भाकर खात होता. "कोन मेलं बे?" त्यानं विचारलं. सारा मोहल्ला पोट धरून हसला. मेल्याची खोटी खबर आली की आयुष्य वाढतं म्हणतात, लोक चिंधूला म्हणाले, "बुढ्या, तू आता शंभर पाहतो."

मग भगवंतराव गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. मुलगा सकाळीच दारात. "वहिनी, तो काचेतलाच द्या. त्याच्यापेक्षा चांगला कुठून आणू?" तिनं दिला. खिळा मोकळा झाला.

"अठ्ठ्याहत्तरीचा माणूस गेला, त्यात फोटोचा काय दोष?" श्रीकांत पानठेल्यावर लोकांना सांगे. "उद्या म्हणाल, घड्याळ टांगलं म्हणून सकाळ झाली!" लोक हसत. पण हसून झाल्यावर काचेकडे पाहत.

गुलाब कापूस वेचायला गेली होती, शेताच्या धुऱ्यावर तिला साप चावला. तिच्या लेकानं मोठा फोटो नेला, तेव्हा रस्त्यापलीकडं माणसं थांबून पाहत होती. दुसरा खिळा मोकळा झाला. त्या दिवसापासून बाया काचेपुढून जाताना लेकराच्या डोळ्यांवर पदर धरू लागल्या. दाखवण्याच्या फोटोला पोरी येईनात. सकाळी पायरीवर लिंबू असे, कधी हळदीचं, कधी काळ्या दोऱ्याचं. श्रीकांत ते पायानं उडवी. मग पायानं उडवणं त्यानं सोडलं, काडीनं सारू लागला.

चिंधू एके दुपारी आला, काही न बोलता आपला फोटो उतरवून धोतराच्या सोग्यात गुंडाळला. "कुठं नेतो, चिंधूबुवा?" तिनं विचारलं. "जाम नदीत सोडतो, माय. मंग मोहगावले जातो, बहिनीच्या घरी." गेला तो गेला, त्याची काही खबर नाही, आणि खबर नाही याचा अर्थ गावानं आपल्या मनासारखा लावला.

तिनं जुने फोटो पुन्हा लावायचं ठरवलं. बाळं, नवऱ्या, ताजमहाल, होती तशी दाटी. एकेकाला विचारून पाहिलं. "आमचा नको वहिनी," "आमच्या सासूबाई नाही म्हणतात," "निगेटिव्ह पण देऊन टाका ना, राहू द्या आमच्याजवळच." दोघा-तिघांनी निगेटिव्ह तिच्यासमोर कात्रीनं कापल्या.

आणि एक दिवस तिगावकडचा एक गृहस्थ आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. आला तो मात्र पुढच्या दारानं. खिशातून त्यानं एक जुना फोटो काढला, शेजारच्या माणसापासून कापून घेतलेला. "हा आमचा भाऊ," तो म्हणाला. "याचा मोठा करून काचेत लावा. तुम्ही म्हणाल ते देतो."

"काय झालं त्यांना?" तिनं विचारलं.

"झालं काही नाही," तो म्हणाला. "वावराची केस चालू आहे आमची." आणि हसला.

तिनं त्याला हाकलून दिलं. वेडी माणसं बडबडतात ते एक. हा माणूस वेडा नव्हता. तो दुकानात आला होता, सामान घ्यायला यावं तसा.

त्यानंतर आठवडाभरात यशवंतरावांच्या वंदनाला ताप भरला. काचेत ती एकटी उरली होती.

"मी येते तुमच्यासोबत," प्रेमलता यशवंतरावांना म्हणाली. "तिच्याशी बोलते."

"बोलून काय होणार?" श्रीकांत म्हणाला.

"न बोलून काय झालं?"

गल्लीतून जाताना तिनं दोन्ही हात पदराबाहेर ठेवले, रिकामे, सगळ्यांना दिसतील असे. तरी तिच्या पुढं पुढं दारं लोटली जात होती. एका खिडकीआडून आवाज आला, "कॅमेऱ्याची बॅग नाही दिसत व हातात." दुसरीनं उत्तर दिलं, "मागून आणतील."

यशवंतरावांच्या दाराशी विजया, वंदनाची आई, पाणी भरत होती. तिनं प्रेमलताला पाहिलं आणि घागर खाली ठेवली. "ताई, तुम्ही कायले आल्या? कोणी बोलावलं तुम्हाले आमच्या घरी?"

"मी आणलं," यशवंतराव म्हणाले. "येऊ दे."

मधल्या खोलीत खाटेवर वंदना भिंतीकडे तोंड करून निजली होती. बाजूला औषधाची बाटली, भरलेलीच. उशाशी राख बांधलेली पुडी. पावलं ऐकून तिनं मान वळवली, तशीच, फोटोतल्यासारखी. पण गाल बसले होते आणि ओठ सोललेले. प्रेमलता हात पुढे करणार तोच तिच्याकडे पाहून वंदना हसली.

"काकू, केस नाही विंचरले मी. थोडं थांबा, मंग काढा."

"मी कॅमेरा आणलाच नाही, वंदू."

"हो ना, तुमच्याजवळ आहेच एक. हार घालायले तोच चांगला."

दारातून विजयाचा हुंदका आला. प्रेमलता खाटेच्या कडेला बसली. पोरीचा हात तव्यासारखा होता.

"ऐक माझं. तुला ताप आहे. तापाला औषध असतं. नागपूरला गेलीस तर आठ-पंधरा दिवसांत चालत परत येशील. फोटोनं कोणी जात नसतं."

"भगवंतराव?"

"ते म्हातारे होते."

"गुलाबमावशी कुठं म्हातारी होती?"

"तिला साप चावला, पोरी."

"आन् चिंधूबुवाची खबर आहे का तुम्हाले?" वंदना दम खात बोलत होती, पण थांबत नव्हती. "मी पडल्या पडल्या हाच हिशेब करून राहिली, काकू. चौघांचे लावले. तीन खिळे मोकळे झाले. आईले वाटते मी झोपली, आन् ती बाहेर बायांना विचारते, काढू का ठेवू, काढू का ठेवू. आता काढला तरी तेच, ठेवला तरी तेच. मंग त्या दवाखान्यात परक्या लोकांत कायले जाऊ? इथं बाबा तर आहेत."

"असं नको बोलू ग."

"एक विचारू? रागावू नका. तुमचा कुठं आहे?"

"काय माझा?"

"मोठा फोटो. आमचे चौघांचे लावले. स्वतःचा कायले नाही लावला?"

उत्तर सोपं होतं. फोटो काढणारा मागं असतो, त्याचा फोटो नसतोच; एवढंच म्हणायचं होतं. पण ते खरंच तेवढंच होतं का, याची तिला एकाएकी खात्री वाटेना. एवढी वर्षं ती लाल दिव्याखाली बसून माणसांना माणसांतून वेगळं करत आली होती. त्यांच्या रांगेत आपला चेहरा नको, म्हणून तर तिनं स्वतःचा काढला नव्हता?

वंदना तिच्याकडे पाहत होती. डोळे तेवढे जिवंत होते.

"लावला तर?" प्रेमलतानं विचारलं.

"नाही लावणार तुम्ही."

"लावला तर औषध घेशील? जाशील?"

यशवंतरावांनी दाराच्या चौकटीला हात टेकला होता.

"उद्या सकाळची पॅसेंजर आहे ना, बाबा?" वंदना म्हणाली. "टांगा काकूंच्या दुकानावरूनच जाईल. माझ्या बाजूले काकू दिसल्या, तेवढ्याच मोठ्या, एकट्या, तर जाईन. नाही दिसल्या तर टांगा वापस." मग डोळे मिटून म्हणाली, "आन् लावून मग काढू नका काकू. मी तिथं पडून राहीन, आन् इथं काचेत मी एकटीच आहे असं मनात आलं तर मी नाही वाचणार."

निघताना विजयानं दारात तिचा दंड धरला. मघाची तीच बाई, पण आवाज उतरला होता. "ताई, खरंच लावाल? घरी विचारलं का मास्तरांना?" आणि मग, प्रेमलताच्या तोंडाकडे न पाहता, "नाही म्हणू नका हं आता. तिनं आठवड्यात पहिल्यांदा उद्याचं नाव घेतलं."

"तुझा नको," श्रीकांत म्हणाला.

स्टुडिओत दुपारचं ऊन छपरातल्या काचेतून सरळ स्टुलावर पडत होतं. तिनं पडदा गुंडाळला, मागं नुसती भिंत ठेवली. कॅमेरा स्टँडवर चढवला. स्टुलावर झाडूचा दांडा उभा करून त्यावर फोकस घेतला.

"तुम्हीच ना म्हणत होता, घड्याळ टांगल्यानं सकाळ होत नाही?"

"म्हणत होतो."

"मग?"

"मग काही नाही. तुझा नको. माझा लाव. मी बसतो."

"तिनं माझा मागितला."

"अगं, ती तापात आहे. तापातल्या पोरीनं काही मागावं आणि आपण..." तो थांबला. सकाळपासून त्याच्या कानाजवळ साबण वाळून राहिला होता. "तिला सांगू, लावला म्हणून. टांग्यात झोपूनच जाणार ती."

"ती पाहील. तिला पाहण्यासाठीच जायचं आहे."

"आणि अनूला मी काय सांगू?"

"काय सांगणार? आईनं फोटो काढून घेतला म्हणून सांगा." ती वळली. "अहो, तुम्हाला भीती वाटून राहिली का?"

विज्ञानाचा मास्तर बाहेर पाहू लागला. पुढच्या दाराच्या फटीतून रस्ता दिसत होता. रविवारचा रस्ता, उन्हात मोकळा. पलीकडं पानठेल्याशी माणसं जमली होती. एरवी इतकी नसत. कोणी पान खात नव्हतं. यशवंतरावांच्या गल्लीतून खबर इथवर पोचली होती, आणि सगळे काचेकडे तोंड करून उभे होते. त्यांत तिगावचा तो स्वच्छ कपड्यांचा गृहस्थ होता. तिच्याशी नजरानजर झाली तसा त्यानं अदबीनं नमस्कार केला.

तिनं फटीवर पडदा ओढला.

"तुला नाही वाटत?" श्रीकांतनं हळूच विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "तिथं वंदूच्या खाटेजवळ बसले होते तेव्हापासून वाटून राहिली. पाठीत गार गार येतं. पण ते पोर आठवडाभर याच्यापेक्षा मोठं भय घेऊन एकटं पडून आहे, आणि ते भय मीच लावलं आहे. माझ्या हौसेनं."

तिनं दांडा बाजूला ठेवला आणि स्टुलावर बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की लग्नातला ग्रुप फोटो सोडला तर आपला फोटोच नाही. आणि काही झालं असतं तर लोकांनी त्यातच बोट ठेवलं असतं. ती इतरांना सांगे तसे तिनं खांदे सैल सोडले, पदर सारखा केला, हनुवटी थोडी वर घेतली. ऊन कपाळावर आलं. समोर कॅमेऱ्याचं काळं भिंग होतं आणि त्यामागं श्रीकांत, मान खाली घालून, बोट बटणाच्या वर अधांतरी धरून. या बाजूनं ते भिंग इतकं खोल दिसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाहेर कोणीतरी खोकलं.

"दाबा," ती म्हणाली.

"प्रेमा..."

"ऊन सरकून जाईल. दाबा. धुवायचा, मोठा करायचा, वाळवायचा, सगळं मी करते. टांगा यायच्या आत तिच्या बाजूच्या खिळ्याला मीच टांगीन. तुम्हाला एवढं एकच मागते." तिचा आवाज सरळ होता, मीठ संपलं म्हणून सांगावं इतका सरळ. "माझं काहीही झालं तरी, वंदना घरी येईपर्यंत तो फोटो काचेतून काढू नका."